जुळवणी कोणी बदलली?

१

त्या रविवारी साकोलीत मंडई होती. दिवाळी सरली की झाडीपट्टीतल्या गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, दुकानं, पाहुण्यांची वर्दळ आणि रात्री नाटक. यादोराव लांजेवारांच्या घरी पाहुणी एकच, त्यांची मुलगी ललिता. भंडाऱ्याच्या वाचनालयात ती ग्रंथपाल होती आणि १९८८ सालची ती दिवाळी करायला वडिलांकडे आली होती.

सकाळी यादोरावांनी तळ्यातले ताजे शिंगाडे आणले, उकडले आणि ओसरीवर बसून सोलायला घेतले. सोललेला प्रत्येक शिंगाडा ललिताच्या ताटलीत जात होता.

"तुम्ही पण खा ना बाबा."

"माझं झालं," ते म्हणाले. त्यांनी एकही तोंडात टाकला नव्हता.

जेवताना लाखोळीच्या डाळीत भात कालवत ते म्हणाले, "केशर आता ते नवं यंत्र एकटी चालवते. हात मोठा तेज आहे पोरीचा."

केशर म्हणजे कारखान्याच्या तपासणी खात्यातली आंबागडची मुलगी. यादोराव त्या खात्याचे प्रमुख आणि केशर त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. घरी आल्यावर हे नाव कानी पडलं नाही असा दिवस ललिताला आठवत नव्हता. पण आज ते सांगताना बाबा हसले नाहीत, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं.

"भात वाढू?" तिने विचारलं.

जेवण झाल्यावर यादोरावांनी टोपी घातली. "दंडार पाहून येतो."

ते परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. चेहऱ्यावर तरतरी होती. कशी झाली दंडार, म्हणून तिने विचारलं.

"मस्त झाली," ते म्हणाले. त्यांनी आपण होऊन चहा मागितला, पुन्हा एकदा मागितला, आणि झोपाळ्यावर बसून पायाने ठेका धरला. कित्येक महिन्यांत ललिताने त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. आपण घरी आहोत म्हणून असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना कारखान्याची जीप दारात येऊन थांबली, आणि बराच वेळ तिच्यातून कोणी उतरेना.

२

"हृदय बंद पडलं," कारखान्याचे मालक भैय्यालालजी सांगत होते. ते सतरंजीवर मांडी घालून बसले होते. यादोराव गेल्याला दोन दिवस झाले होते आणि घरात बसायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. "दवाखान्यापर्यंत पोचलोच नाही, बेटी. पण त्याआधी जे झालं ते तुले माहीत पाहिजे."

त्यांचा कारखाना महामार्गाला लागून होता. पंपाची बिडाची केसिंगं, म्हणजे बाहेरची कवचं, तिथं तयार होत. त्या वर्षी त्यांनी कर्ज काढून मोजणीचं नवं यंत्र आणलं होतं, कॉम्प्युटर जोडलेलं. केसिंगाचा नकाशा कॉम्प्युटरात भरलेला असे, आणि मोजलेलं केसिंग त्या नकाशाशी ताडून पाहिलं जाई. फरक पडला की पडद्यावर आकडा लाल होई.

"सोमवारी गिऱ्हाईकाचा साहेब माल पास करायले आला," भैय्यालालजी म्हणाले. "केशर यंत्रावर. पयलं केसिंग लावलं, लाल. दुसरं लाल. तिसरं लाल. अख्खा लॉट लाल, बाप्पा! शनिवारी हाच माल सही होता. साहेबानं इचारलं, यंत्रात कोणी फेरफार केला? केशर म्हणे, मले माहीत नाही. साहेब जे बोलला, जे बोलला! ती खाली मान घालून उभी. तुझे बाबा स्टुलावर बसून पाहत होते. एक शब्द नाही बोलले. साहेब गेला अन् अर्ध्या घंट्यात ते..."

त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

"माल खराब होता?" ललिताने विचारलं.

"माल सोन्यासारखा! नागपूरच्या घनश्यामनं काल येऊन पाहिलं. म्हणे, कोणीतरी जुळवणी बदलली. आता गिऱ्हाईक म्हणते, कोण तो माणूस, त्याले काढा, मगच पुढचं काम देऊ. यंत्र केशरच्या हाती. जबाबदारी तिची. तेरवी होऊ दे, मग मी तिले काढतो."

ती पोरगी खाली मान घालून उभी आहे आणि बाबा स्टुलावरून ते पाहताहेत, एवढंच ललिताला दिसत होतं. बाबांचा जीव गेला तो तिच्या पायी. या विचाराने तिला बरं वाटलं. दुःखाला बसायला एक जागा मिळाली.

"काकाजी," ती म्हणाली, "मले ते यंत्र पाहायचं आहे."

३

तपासणीच्या खोलीत ललिता आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. शाळकरी असताना तिने किती हट्ट केला होता. "तिथं धूर अन् लोखंड. पोरींचं काम नाही ते. तू पुस्तकं वाच," असं बाबा म्हणत. तिने पुस्तकं वाचली. आणि मग एके दिवशी याच खोलीत बाबांनी केशरला उभं केलं, तिच्या हातात मापं दिली.

घनश्याम नागपूरचा तरुण होता. यंत्र विकणाऱ्या कंपनीने शिकवायला पाठवलेला. केशर रजेवर होती, म्हणून तोच यंत्र पुसत होता.

"ताई, मोजणं सोपं आहे," तो म्हणाला. "ही सुई जिथं टेकते तिथला आकडा कॉम्प्युटर घेते. पण केसिंग टेबलावर कसंही तिरपं ठेवलेलं असते. त्याले आधी नकाशावर बसवा लागते. हा पाया, ही बाजू, हे मधलं भोक, असं सांगा लागते. त्याले आम्ही जुळवणी म्हणतो."

"ब्लाउजचा कागद कापडावर ठेवतात तसं."

"एकदम! कागदच तिरपा ठेवला तर कापड चांगलं असून ब्लाउज बिघडते." त्याने टेबलावरच्या केसिंगावर थाप मारली. "हे याचं बूड. मशीनवर साफ केलेलं, आरशासारखं. अन् हे वरचं तोंड. ते कच्चंच जाते, गिऱ्हाईक आपल्याकडं साफ करून घेते. म्हणून पाया म्हणजे बूड. सोमवारी कॉम्प्युटरात पाया म्हणून तोंड भरलेलं होतं. खडबडीत तोंडावर टेकवलं की आख्खं केसिंग कलते. सगळी भोकं सरकलेली दिसतात."

"आपोआप होऊ शकतं?"

"नाही ना! यंत्र बिघडलं तर काहीतरी अर्धवट राहते. इथं पाया, बाजू, भोक, सगळं क्रमानं भरलेलं. शेवटी कॉम्प्युटर इचारते, जपून ठेवू का? तिथं 'हो' दाबलेलं. झालं, केशरची जुळवणी पुसली, ही बसली. शनिवारी मी नागपूरले गेलो तवा बूडच होतं."

"रविवारी कारखाना बंद होता. खोलीची किल्ली कोणाजवळ असते?"

"दोघांजवळ. काका अन् केशर." घनश्याम जरा थांबला. "काका यंत्राले हात लावत नव्हते, ताई. आम्ही म्हणायचो, बसा ना काका. तर म्हणायचे, तुमचा टी.व्ही. तुम्हीच पाहा."

"केशर रविवारी कुठं होती?"

"सांगत तर होती, आंबागडले मंडईले जातो म्हणून. पण गेली नाही म्हणतात."

ललिता बाहेर आली. नोव्हेंबरचं कोवळं ऊन अंगावर आलं. किल्ल्या दोनच. एकाने यंत्राला हात लावला नाही, दुसरी गावाला गेली नाही. सगळं एकाच नावापाशी येत होतं, आणि घरी चालत जाताना आपली पावलं हलकी पडताहेत हे तिला कळत होतं.

४

तरीही मशीन शॉपचा फोरमन ताराचंद बसायला आला तेव्हा तिने त्याला थांबवून घेतलं. केशरच्या जागेवर त्याला आपला भाचा लावायचा होता, हे सगळ्या साकोलीला माहीत होतं. ताराचंदकडे किल्ली नव्हती खरी, पण किल्ल्या मागून घेता येतात.

"माझ्यावर शक घेऊन राहिल्या काय?" ताराचंद चहाचा कप खाली ठेवून हसला. "ताई, लाल झालेला माल माझ्याच मशीनवरचा. साहेबानं पयल्या शिव्या मले घातल्या. भाच्यापायी मी आपल्याच तोंडाले काळं फासीन काय? अन् तो कॉम्प्युटर! मले तर घरचा रेडिओ लागत नाही, बायको लावून देते."

ललितालाही हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"पण तोंडाले पाया म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल?" ती म्हणाली. "येडेपणाच आहे तो."

"येडेपणा कायचा?" ताराचंद एकदम गंभीर झाला. "पयले तेच तर करत होतो आम्ही! जुना पंप होता ना, त्याचं तोंड साफ असे अन् बूड कच्चं. केसिंग पालथं घालायचं, तोंडावर बसवायचं, मग मोजायचं. तुमच्या बाबाचा जनम गेला त्यात. डोळे बांधून दिले असते तरी त्याइनं केसिंग पालथंच घातलं असतं."

"केशरनं पाहिलं असेल ते?"

"कुठून पाहील? तो माल बंद झाला अन् मंग ती लागली. तिनं तर बुडावरच मोजणं शिकलं."

ललिताने कप उचलले. आत जाऊन ते धुतले. पुन्हा धुतले.

ज्याने जुळवणी बदलली त्याला काही बिघडवायचं नव्हतं. तो आपल्या परीने बरोबरच करत होता. त्याचा हात जुन्या मालावर तयार झालेला होता, आणि त्या जुन्या हातांपैकी किल्ली एकाकडेच होती. पण बाबा तर त्या दुपारी मंडईत होते. दंडार पाहत होते. ललिताने त्याच एका गोष्टीला धरून ठेवलं.

संध्याकाळी शेजारच्या बेबीबाई भाकरी घेऊन आल्या. रडून झालं, नाक पुसून झालं.

"काय व माय, कसा दिवस आला. मंडईच्या दिवशी चांगले टोपी घालून निघाले होते तुये बाबा."

"दंडार पाहायले गेले होते," ललिता म्हणाली.

"दंडार?" बेबीबाईंनी पदर तोंडावरून काढला. "औंदा दंडार झालीच कुठं? दंडारवाल्याइची गाडी रस्त्यातच बिघडली म्हणते. लोकं वाट पाहून पाहून घरी आले. माया नातू रडून रडून झोपला."

५

केशरची खोली तळ्याच्या बाजूला होती. दार उघडं होतं आणि ती लोखंडी पेटीत कपडे भरत होती. ललिताने तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं, दुरून. जवळून ती अगदीच लहान दिसत होती.

"या ना ताई, बसा." तिने खाटेवरची चादर झटकली.

"काहून भरून राहिली पेटी?"

"तेरवीपर्यंत थांबतो म्हणाले शेठजी. आधीच गेलेलं बरं."

"तू रविवारी आंबागडले गेली नाही."

केशरने ओढणीची घडी मोडून पुन्हा घातली. स्वतःला वाचवायलाही ती बोलत नव्हती, म्हणजे तिने काहीतरी पाहिलं होतं.

"कारखान्यात गेली होती," ललिता म्हणाली. "सोमवारी साहेब येणार, एकदा पाहून घेऊ म्हणून. अन् यंत्रावर बाबा बसलेले होते."

केशरने पेटीचं झाकण लावलं आणि त्याच्यावरच बसली. बाहेर कोणीतरी म्हशी हाकत नेत होतं.

"खिडकीतून दिसले," केशर म्हणाली. "चष्मा नाकावर. बोटानं एकेक बटण शोधत होते, शाळेतल्या पोरावानी. ओठ हलून राहिले होते. मी पायरीवरूनच परत फिरली. आत गेली असती तर त्याइले लाज वाटली असती."

"तुले विचारायचं होतं ना त्याइनं! तू समोरच तर असायची."

"रोज माझ्या मागं उभे राहत, हात पाठीशी घेऊन. एकदा मी म्हटलं, काका, सांगू का? तर केवढ्यानं वसकले! म्हणे, मले कायले सांगते, मी तुले शिकवलं. त्या दिवसापासून माझं काही पटेचना त्याइले. घनश्यामभाऊनं माझं नाव काढलं की उठून बाहेर जात."

घरी मात्र ते तिचंच नाव काढत. पोरीचा हात तेज आहे. ललिताने इतकी वर्षं त्या वाक्यात कौतुकच ऐकलं होतं आणि ते ऐकून ती जळत राहिली होती. जुनी वर्षं कौतुकाचीच असतील. पण यंत्र आल्यापासून त्याच वाक्यात दुसरं काहीतरी मिसळलं होतं. ते तिला ओळखू यायला हवं होतं. तिच्या स्वतःच्या पोटात तेच तर होतं.

"सोमवारी तुले कळलं?"

"अख्खा लॉट लाल झाला तवा. पडद्यावर पाहिलं तर पाया तोंडाचा. तोंडाले पाया म्हणणारा दुसरा कोण? मी तिथंच नीट करणार होती. पण साहेबानं इचारलं, कोणी बदललं? मी काकाकडं पाहिलं. त्याइनं माझ्याकडं पाहिलं." केशरने ओठ दाबले. "वाटलं, आता बोलतील. चुकून झालं म्हटलं असतं तर कोण काय म्हणणार होतं त्याइले? मी वाटच पाहत होती, ताई. अजून वाट पाहिली असती तर बोललेही असते. खरंच बोलले असते."

"मग शेठजीले काहून नाही सांगत?"

"मेल्या माणसाचं नाव घेऊन नोकरी वाचवू काय?" ती उठली. "चहा ठेवतो. तुम्ही पयल्यांदा आल्या."

आपल्या बापाला आपल्यापेक्षा हिने जास्त ओळखलं, हा विचार ललिताच्या मनात आला, आणि त्याही घटकेला तो तिला चावला.

६

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी भैय्यालालजींनी तिला ऑफिसात बोलावलं. ताराचंद होता, घनश्याम होता. केशर दाराशी उभी होती, तिचा हिशेब चुकता करायचा होता. टेबलावर यादोरावांचा मोठा केलेला फोटो कागदात गुंडाळून ठेवला होता.

"तपासणीच्या खोलीत लावतो," भैय्यालालजी म्हणाले. "असा माणूस पुन्हा होणार नाही, बेटी. अन् ही केशरची गोष्ट आज संपवतो. गिऱ्हाईकाले कळवलं की मोकळा झालो."

ललिताने फोटोवरचा कागद सारला. बाबा त्यात खूप तरुण होते, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुठंतरी बघत होते. ती गप्प राहिली तर हा फोटो भिंतीवर जाणार होता, आणि ती दारातली मुलगी संध्याकाळच्या गाडीने आंबागडला. कोणी काही विचारणार नव्हतं. केशर तर कधीच बोलणार नव्हती.

"काकाजी, गिऱ्हाईकाले सांगा, जुळवणी यादोराव लांजेवारांनी बदलली."

"काय बोलून राहिली तू?" भैय्यालालजी अर्धवट उठले. "त्याइनं यंत्राले हात नाही लावला कधी!"

"रविवारी लावला. मले दंडारीले जातो म्हणून सांगितलं अन् इथं आले. दंडार झालीच नव्हती. त्याइले बिघडवायचं नव्हतं, शिकायचं होतं. पण कोणाले विचारून नाही, कोणी पाहताना नाही. पाया सांगायची वेळ आली तेव्हा हाताले सवय होती तीच बाजू सांगितली, जुन्या मालाची. ताराचंदभाऊले विचारा. शेवटी कॉम्प्युटरनं विचारलं तिथं 'हो' दाबलं. आपल्याले जमलं म्हणून खुशीत घरी आले. मी स्वतः पाहिलं."

ताराचंद खाली बघत होता. "केसिंग पालथं घातलं त्याइनं," तो स्वतःशीच म्हणाला. "बरोबर. पालथंच घालणार."

"अन् सोमवारी?" भैय्यालालजी खुर्चीत परत टेकले. "सोमवारी काहून नाही बोलले?"

"सोमवारी बोलायले पाहिजे होतं," ललिता म्हणाली. "त्याइले कळलं होतं. साहेब केशरले बोलत होता अन् ते स्टुलावर बसून राहिले. हे चुकलं त्यांचं. यंत्राचं नाही म्हणत मी. हे."

बाहेर मशीन शॉपमधलं लेथ थांबलं, पुन्हा सुरू झालं. घनश्याम हळूच म्हणाला, "पण काकाले तर केशरचा केवढा अभिमान होता."

"ताई, राहू द्या," केशर दारातून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "झालं ना आता."

ललिता तिच्याकडे वळली. इतके दिवस जे कोणापुढे, अगदी स्वतःपुढेही बोलली नव्हती, ते या परक्या ऑफिसात, चार माणसांसमोर तिच्या तोंडून निघालं. आवाज चढला नाही, कापलाही नाही.

"अभिमान होता. पण आम्हा दोघाहीले तुझा हेवा वाटे, केशर. बाबाले, तू त्याइच्या पुढं गेली म्हणून. अन् मले, त्याइनं तुले शिकवलं म्हणून."